प्लास्टिकबंदी नेमकी कधीची?

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी कधी आली? तुम्ही पटकन २०१८ म्हणाल. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आहेच. पण ती कोणत्या अधिकाराने निघाली, तेही बघा. तो अधिकार २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याचा. त्याच्या आदल्याच वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली होती. सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस! नाले तुंबल्याचा दोष पिशव्यांवरही आला.

म्हणजे बंदी शासनाने काढली, तरी तिचं मूळ विधिमंडळात आहे. म्हणून नुसतं राजपत्र चाळू नका, सभागृहातल्या चर्चाही वाचा. आणि एकदाच वापरायचं प्लास्टिक कमी व्हावं असं वाटत असेल, तर आपल्या आमदारांना पत्र लिहा. पोच जपून ठेवा. उद्याच्या संशोधकाला तोच कागद लागेल.