एक वाहन, अनेक उष्णतामाने : खानदेशातील नाशवंत मालाच्या वाहतुकीचा एक विचार

खानदेशच्या आर्थिक इतिहासात कापसाला अग्रस्थान मिळाले, ते यथार्थच होय. परंतु कापसाच्या अभ्यासाने आपल्या दृष्टीला एक प्रकारची सवय जडली आहे. कापूस थांबू शकतो. एकदा गाठ बांधली की ती फलाटावर आठ दिवस पडून राहिली तरी तिचा कापूसपणा जात नाही. केळे, दूध, मासळी वा द्राक्षे यांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत अंतराइतकेच उष्णतामानही व्यापाराचे स्वरूप ठरविते. निरनिराळ्या उष्णतामानांची अपेक्षा असणारा माल एकाच शीतवाहनातून कसा न्यावा, हा प्रश्न वरवर यंत्रविद्येचा वाटतो. वस्तुतः तो थोडा माल असलेल्या उत्पादकाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या विचारासाठी धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे ठिकाण सोयीचे आहे. येथे दोन कालखंडांतील दोन मार्ग जवळ येतात. एक, मुंबई–आग्रा रस्ता. दुसरा, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुरा झालेला सुरत–अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग, जो पुढे जळगावला मिळतो. हा लोहमार्ग मुख्यतः कापूस व धान्य यांसारख्या थांबू शकणाऱ्या मालाच्या भरवशावर उभा राहिला. केळीचा व्यापार वाढला तो पूर्वेस, भुसावळ–खांडवा मार्गावरील सावदा, रावेर या स्थानकांच्या परिसरात. तेथून उत्तरेकडे, विशेषतः दिल्लीकडे, केळ्यांचे डबेच्या डबे जात. असे स्वतंत्र डबे मिळण्याचे कारण उघड होते : माल एकजात होता, विपुल होता, आणि सहकारी फळविक्री संस्थांनी तो एकत्र आणला होता. ज्याच्यापाशी डबाभर माल असेल त्याला मिश्रणाचा प्रश्न पडत नाही.

जगाच्या इतिहासातही हेच दिसते. १८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठविलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले, तेव्हा शीतवाहतुकीचा पाया एकाच जातीच्या प्रचंड मालावर घातला गेला. अमेरिकेत फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स यांनी १९४० च्या सुमारास मालमोटारीवर बसणारे शीतयंत्र सिद्ध केले, आणि थंडावा रुळांवरून व बंदरांतून उतरून रस्त्यावर आला. परंतु रस्त्यावरच्या वाहनाला अनेक दारी थोडाथोडा माल द्यावा लागतो. तेथूनच एका वाहनात अनेक कक्ष करण्याची गरज उत्पन्न झाली.

अशा ट्रेलरची रचना समजून घेणे आवश्यक आहे. उष्णतारोधक, सरकत्या पडद्यांनी आतील जागा दोन किंवा तीन कक्षांत विभागतात. मुख्य शीतयंत्र पुढील भिंतीवर असते. म्हणून गोठविलेला माल, ज्याला उणे १८ अंश सेल्सियस लागतात, तो सामान्यतः पुढे ठेवतात. मागील कक्षांना छतालगतची स्वतंत्र शीतक-वेटोळी व पंखे असतात. मधल्या कक्षात दुधासारखा सुमारे ४ अंशांचा माल, आणि दाराशी १३ ते १४ अंशांची केळी, अशी मांडणी कल्पिता येईल.

येथे खानदेशच्या हवामानाचा हिशेब मांडून पाहावा. वैशाखात बाहेर ४५ अंश असता केळ्यांचा कक्ष व बाहेरची हवा यांत सुमारे ३२ अंशांचा फरक पडतो. गोठविलेल्या कक्षाच्या बाबतीत तो ६३ अंशांचा. सारख्या भिंतीतून शिरणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे दुसऱ्या कक्षाच्या भिंतीवरचा भार जवळजवळ दुप्पट. आता केळी व गोठविलेला माल शेजारी ठेवले, तर मधल्या पडद्याच्या दोन बाजूंत ३१ अंशांचा फरक राहील, म्हणजे बाहेरच्या उन्हाळ्याएवढाच! अंतर्गत पडदा हा बाह्य भिंतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. तो सैल बसला तर केळ्याला शत्रू बाहेरचा नव्हे, शेजारचा. कारण केळे सुमारे १२ अंशांखाली फार वेळ राहिले की त्याची साल काळवंडते व ते नीट पिकत नाही. म्हणून अशा वाहनात मागील कक्षाला थंडाव्याबरोबर ऊब देण्याचीही सोय करावी लागते. दिल्लीकडील पौषातल्या रात्री तर ती अपरिहार्यच.

उष्णतामान जुळले म्हणून माल जुळतो असेही नाही. पिकणारे केळे एथिलीन वायू सोडते. त्याने पालेभाजी पिवळी पडते. कांद्याचा वास दुसरा माल ओढून घेतो. शिवाय उतरविण्याचा क्रम उष्णतामानाच्या क्रमाशी भांडतो. पुढचा माल आधी द्यावयाचा असेल आणि वाहनाला बाजूचे दार नसेल, तर मागचा सर्व माल उन्हात काढावा लागतो.

आपल्याकडे मिश्र मालाचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो मात्र कक्षांवाचून. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल निघाली. तिला मनमाड, जळगाव, भुसावळ येथे थांबे होते. २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून शालिमारकडे निघालेल्या शंभराव्या गाडीत फुलकोबी, ढोबळी मिरची, शेवगा, कांदा यांबरोबर द्राक्षे, डाळिंबे, केळी असा नानाविध माल होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात शीत डब्यांचा उल्लेख होता. पण पहिली गाडी साध्या पार्सल डब्यांचीच होती. थोड्या मालाला जागा मिळाली व भाड्यात निम्मी सवलतही मिळाली. स्वतःचे उष्णतामान मात्र मिळाले नाही. जागा व उष्णतामान ही दोन वेगळी दाने आहेत, हा या प्रयोगाचा ऐतिहासिक धडा होय.

धुळे–नरडाणा लोहमार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली, आणि मनमाड–इंदूर या सुमारे ३०९ किलोमीटरच्या मार्गास २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. नरडाण्यास औद्योगिक वसाहतही आहे. हा मार्ग पुरा झाल्यावर येथे उत्तर–दक्षिण व पूर्व–पश्चिम माल एकत्र येईल. त्या वेळी वाहने किती, हा प्रश्न गौण ठरेल; दहा पेट्यांच्या धन्याला त्या वाहनात स्वतःच्या उष्णतामानाचा कोपरा मिळतो का, आणि पडदा सैल राहून माल काळवंडला तर नुकसान कोणाच्या माथी बसते, हे प्रश्न मुख्य ठरतील. संशोधकाने मालाच्या टनांबरोबर भरपाईचे दावे, नाकारलेल्या पेट्या व बाजारातील कापलेले भाव यांचीही नोंद घ्यावी. शीतवाहतुकीचा खरा इतिहास यंत्राच्या जन्मतिथीपेक्षा त्या नोंदींतच अधिक सापडेल.