छपरावरून दिसलेली हवा



कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा आत आला की त्यात धूळ नाचताना दिसते. कवडसा सरकला की ती दिसेनाशी होते, पण असते तिथंच. कणावर उजेड पडून तो इकडंतिकडं उडतो, म्हणून कण नजरेला येतो. आकाशात फिरणारे उपग्रह हवेतली धूळ आणि धूर मोजतात, तेही याच साध्या गोष्टीच्या आधारानं. हे मोजमाप कसं सुरू झालं आणि त्याचा खेड्यातल्या बायकांशी काय संबंध, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी कणांविषयी. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. सगळ्यात जास्त त्रास देणारे कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात. त्यांना पीएम २.५ म्हणतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यामुळं दमा, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं, की वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे.

हे कण मोजायची यंत्रं जमिनीवर असतात, पण ती महाग असतात आणि बहुतेक शहरांतच बसवली जातात. खेड्यात यंत्र नाही, म्हणून आकडा नाही. आणि आकडा नाही, म्हणून खेड्यातली हवा चांगलीच, असं सगळे धरून चालले. हा समज मोडायला उपग्रहांची मदत झाली.

सुरुवातीला हवेतले कण मोजावेत, असं कुणाच्या फारसं मनात नव्हतं. १९७२ साली अमेरिकेनं लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला, तो जमिनीची चित्रं घेण्यासाठी. समुद्रावरची चित्रं तपासताना संशोधकांच्या लक्षात आलं, की हवा धूसर असली की पाणी जास्त उजळ दिसतं. १९७८ साली निंबस-७ हा उपग्रह गेला. त्यावरचं एक यंत्र ओझोन वायू मोजायला होतं. धूर आणि वाळवंटी धूळ त्या मोजणीत अडथळा आणत. पुढं १९९० नंतर संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या, आणि त्या अडथळ्यातूनच जगभरच्या धुराचा आणि धुळीचा जुना हिशेब हाती आला.

समुद्रावर हे सोपं होतं, जमिनीवर अवघड. काळ्या लुगड्यावर पीठ सांडलं तर लगेच दिसतं, पांढऱ्यावर दिसत नाही. तसंच जमीन आधीच उजळ असल्यानं धूर वेगळा ओळखू येत नाही. नासामधले शास्त्रज्ञ योराम कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश धुरकट हवेतूनही जवळजवळ बिनअडथळा जातो. त्यातून खालची झाडी, शेतं मुळात किती उजळ आहेत याचा अंदाज येतो. मग दिसणाऱ्या प्रकाशात ती जेवढी जास्त उजळ दिसतील, तेवढी भर हवेतल्या कणांची. डिसेंबर १९९९ मध्ये गेलेल्या टेरा उपग्रहावर या कामाची यंत्रं होती. २००२ साली अ‍ॅक्वा गेला. २००६ साली गेलेला कॅलिप्सो लेझरचा प्रकाश खाली सोडून धूर किती उंचीवर आहे, ते सांगू लागला.

उंची कळणं महत्त्वाचं, कारण उपग्रह वरपासून खालपर्यंतची सगळी हवा एकत्र बघतो. आपण श्वास घेतो तो मात्र जमिनीलगत. कॅनडातल्या संशोधकांनी उपग्रहाच्या नोंदींना संगणकी गणिताची जोड दिली आणि २०१० साली जमिनीलगतच्या पीएम २.५चा जगाचा नकाशा मांडला. उत्तर भारत त्यात गडद दिसला. २०१२ साली आयआयटी दिल्लीचे सग्निक डे आणि सहकाऱ्यांनी भारतासाठी असा अभ्यास केला. २०२० साली ए. आर. रविशंकर आणि सहकाऱ्यांनी याच वाटेनं जाऊन दाखवलं, की हवेचं प्रदूषण हा फक्त शहरांचा प्रश्न नाही, खेड्यांवरची हवाही तितकीच बिघडलेली आहे. तोवर २०१९चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला होता, तोही शहरांपुरताच.

आता आपल्या चुलीकडं येऊ. १९९९ साली हिंदी महासागरावर मोठी मोहीम झाली. शास्त्रज्ञ व्ही. रामनाथन तिचे एक प्रमुख होते. समुद्रावर दूरवर तपकिरी धुरकं पसरलेलं त्यांना आढळलं. त्यात गाड्या आणि कोळसा यांच्याबरोबर लाकूड-गोवऱ्यांचा धूरही होता. पुढं रामनाथन यांनीच उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सुधारित चुलींचं काम हाती घेतलं.

पण चुलीपुढं बसलेल्या बाईच्या श्वासात किती धूर जातो, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. ते मोजलं कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी, गुजरातच्या खेड्यांत. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रं लावून त्यांनी मोजणी केली आणि १९८३ साली ती छापली. शहरी धुरापेक्षा कितीतरी जास्त धूर त्या बायकांच्या वाट्याला येत होता. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि लाखो घरांत गॅस पोचला. तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पुन्हा पेटते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

उपग्रहाच्या आणखीही मर्यादा आहेत. पावसाळ्यात ढगांमुळं त्याला खालचं दिसत नाही. अ‍ॅक्वा अनेक वर्षं दुपारी दीडच्या सुमाराला डोक्यावरून जात असे, त्यानंतर पेटवलेलं पाचट त्याच्या दुपारच्या नोंदीत येत नसे. म्हणून जमिनीवरची यंत्रं हवीतच.

आपल्या बचत गटांना यात करण्यासारखं आहे. ग्रामसभेत विचारा, की आपल्या तालुक्यात हवा मोजायचं यंत्र आहे का, आणि नसेल तर का नाही. गटात एक वही ठेवा. कुणाच्या घरी महिन्यात किती दिवस चूल पेटली, सिलिंडर किती दिवस पुरला, पाचट किंवा कचरा कधी जळला, कुणाला खोकला किती दिवस राहिला, हे तीत लिहा. गावावरच्या धुराचा हिशेब उपग्रह ठेवतो आहे. छपराखालच्या धुराचा हिशेब आपण ठेवला, तर ग्रामसभेत दोन्ही एकत्र मांडता येतील.