कोरी फिल्म

धुळ्यात मी एकतीस वर्षं छातीचे एक्स-रे काढले. हँगरवरची ओली फिल्म डार्करूमच्या लाल दिव्यापुढं धरायची, की बाहेर बाकावर खोकणाऱ्या माणसाचं आतलं दिसू लागे. आण्णांची, म्हणजे वडिलांची, फिल्म मात्र कोरी निघाली. फुप्फुसं स्वच्छ, आणि माणूस दहा पावलांवर ओट्याला टेकलेला.

खानदेशात धापेला नाव एकच: 'दम लागस'. क्षय असो, विडीनं जळालेली छाती असो, की संधिवाताच्या तापानं आखडलेली हृदयाची झडप. झडपेची फिल्म मला ओळखू येई; हृदयाची डावी कड सरळ झालेली असे. अशा कितीतरी तरुण बायका मुंबईच्या गाडीत बसून केईएम हॉस्पिटलला गेल्या. तिथं डॉ. प्रफुल्लकुमार सेनांनी १९६८च्या फेब्रुवारीत हृदय बदललं, देशभर गाजलं. रोगी काही तासच जगला. मला मात्र आखडलेली झडप बोटानं मोकळी करण्याचं ऑपरेशन जास्त मोठं वाटतं. त्यातून उठलेल्या बायका पुढं लेकरं कडेवर घेऊन भेटल्या.

क्षयाचं म्हणाल तर ऐपत असलेला मिरजेच्या वानलेस सॅनेटोरियमला जाई, बाकीचे घरीच झिजत. १९५९मध्ये मद्रासच्या अभ्यासानं दाखवून दिलं, की वर्षभर आयसोनियाझिड आणि पास ही औषधं घरी घेणारा रोगीही सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो. १९६२पासून जिल्हा क्षयरोग केंद्रांची योजना आली. गरिबाच्या दारात औषध आलं, याहून मोठी गोष्ट मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. पण मग जो खोकेल तो क्षयाचा, अशी सवयही लागली.

आमचा मुलूख कापसाचा. रेल्वे आली, जिन-प्रेस आले. जळगाव, अमळनेर, धुळ्यात गिरण्या उभ्या राहिल्या. आण्णा अशाच एका गिरणीत कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या, खात्यात होते. भुवया पांढऱ्या करून घरी येत. बेडक्यात जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी एका डॉक्टरांनी क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन चालू ठेवलं. कानात शिट्टी वाजू लागली, मग ऐकू येईना. छातीत फरक शून्य.

त्यांच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या धुळीनं श्वासनलिका आवळतात. सुटीत छाती सैल होते, कामावर परतल्या दिवशी पुन्हा जखडते. सुरुवातीला धूळ सुटली तर माणूस सावरतो, वर्षानुवर्षं गेली की नुकसान कायमचं. एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. कामाच्या पाळीआधी आणि नंतर फुंकून श्वास मोजावा लागतो, आणि त्याहीआधी विचारावं लागतं, की काम कोणतं करता. व्यावसायिक आजार म्हणून कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात त्याची नोंद आहे. केसपेपरवर 'टीबी' लिहिलेल्या माणसापर्यंत ती नोंद पोहोचत नाही.

धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं ते १९८९मध्ये. जळगावला सरकारी कॉलेजसाठी २०१८ उजाडलं. कॉलेज सुरू झाल्यावर एका तरुण डॉक्टरनं आण्णांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "बाबा, गिरणीत होता तेव्हा कोणत्या दिवशी जास्त त्रास व्हायचा?"

आण्णांना उत्तर केव्हाचं ठाऊक होतं.

"सुटीना दिन बेस वाटे. दुसरा दिन छातीमा रुई भराई जाये."