टॅक्सीचालकाचा परवाना आणि गाडीची योग्यता : उज्जैनच्या वाटेवर जबाबदारी कोणाची?

उज्जैनला निघालेला गोमंतकीय भाविक बहुधा इंदूरला उतरतो आणि तेथून सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता भाड्याच्या मोटारीने कापतो. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. या क्षेत्राशी मराठी माणसाचे नाते तेवढे जुने आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'महाकाल लोक' खुले झाल्यापासून तेथील वर्दळ वाढली असून २०२८ मध्ये सिंहस्थ भरणार आहे. अशा गर्दीत टॅक्सीत बसणारा प्रवासी दोन गोष्टी गृहीत धरतो : चालकाला गाडी चालविता येते आणि गाडी चालण्याजोगी आहे. कायदा मात्र या दोन गोष्टी दोन वेगळ्या कागदांवर तपासतो.

पहिला कागद चालकाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३ नुसार व्यावसायिक वाहन चालविण्यासाठी परवान्यात तशी स्वतंत्र नोंद लागत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात ही अट हलक्या वाहनांपुरती शिथिल केली आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तोच निर्णय कायम ठेवला. आता हलक्या मोटारीचा साधा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे व्यावसायिक वाहन चालवू शकते. नेहमीची टॅक्सी या मर्यादेच्या बरीच आत येते. ई-रिक्षाला मात्र ही सवलत नाही. उज्जैनमध्ये मंदिराच्या परिसरात शिरताना बहुतेकांची गाठ पडते ती याच वाहनाशी, आणि तिच्या चालकासाठी किमान दहा दिवसांच्या प्रशिक्षणाची वेगळी अट आहे.

चालकाची चाळणी अशी सैल झाल्यावर दुसऱ्या कागदाचे, म्हणजे वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे, वजन वाढते. कलम ५६ नुसार हे प्रमाणपत्र नसलेल्या व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. नव्या वाहनाला ते दोन वर्षांसाठी मिळते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. बोलीभाषेत याला 'पासिंग' म्हणतात. गाडी पास झाली की विषय संपला, अशी समजूत त्या शब्दातूनच रूढ झाली असावी.

ती समजूत चुकीची आहे. प्रमाणपत्र गाडीची तपासणीच्या दिवशीची स्थिती सांगते. दिवसभर इंदूर-उज्जैन-ओंकारेश्वर अशा फेऱ्या करणाऱ्या मोटारीचे टायर आणि ब्रेकचे पॅड पुढच्या तपासणीची वाट पाहत थांबत नाहीत. या मधल्या काळासाठी कलम १९० आहे. ज्या दोषाची माहिती होती किंवा साधारण काळजी घेतली असती तर जो लक्षात आला असता, अशा दोषामुळे धोकादायक झालेली गाडी चालविणारा आणि ती चालवू देणारा, दोघेही या कलमाखाली दोषी ठरतात. दंड दीड हजार रुपये. त्या दोषामुळे अपघात होऊन इजा वा नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. खिशात चालू तारखेचे प्रमाणपत्र असणे, हे गुळगुळीत टायरचे समर्थन होत नाही.

'साधारण काळजी' या शब्दांत सारे काही आहे. बंद पडलेला मागचा दिवा, झिजलेला टायर, पायाखाली खोल जाणारा ब्रेक हे चालकाला रोज दिसते वा जाणवते. धातूच्या आतली तडा त्याला दिसणे शक्य नाही. अडचण वेगळीच आहे. अनेक शहरांत टॅक्सीचा मालक एक आणि रोजच्या ठरावीक रकमेवर ती चालविणारा दुसरा. दोष पहिल्यांदा कळतो चालकाला. दुरुस्तीचा पैसा असतो मालकाकडे. गाडी उभी केली तर त्या दिवसाची कमाई चालकाचीच बुडते. कायद्याने दोघांना एका वाक्यात बसविले असले, तरी त्या वाक्यातले त्यांचे बळ सारखे नाही. म्हणूनच 'चालू देणारा' हा शब्द महत्त्वाचा. चालकाने सांगूनही गाडी रस्त्यावर पाठविणारा मालक त्यातून सुटत नाही. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देण्यास मालकाला कलम ५ ने आधीच मनाई केलेली आहे.

अपघातानंतर प्रश्न भरपाईचा येतो. टॅक्सीतील प्रवाशाच्या मृत्यूचे वा दुखापतीचे दायित्व कलम १४७ खालच्या सक्तीच्या विम्यात येते. चालकाचा परवाना सदोष असला तरी विमा कंपनीला सहज अंग काढून घेता येत नाही. मालकाचा निष्काळजीपणा तिला सिद्ध करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंह खटल्यात सांगितले. अनेकदा कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने घेतली, तर चित्र पालटते. तिला टॅक्सीचा परमिट नसतो, योग्यतेची नियतकालिक तपासणी नसते आणि केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर आत बसलेल्यांच्या भरपाईवरच वाद उभा राहतो. स्थानकाबाहेर शे-दोनशे रुपये कमी सांगणाऱ्या गाडीत हा हिशेब दडलेला असतो.

टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी. विजेवरच्या टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. केंद्र सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घातला की योग्यता आणि विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते दिसते.

सिंहस्थात इतर राज्यांच्या गाड्या पर्यटक परमिटवर मोठ्या संख्येने उज्जैनमध्ये येतील. एका राज्यात मिळालेले योग्यता प्रमाणपत्र भारतभर चालते, त्यामुळे केवळ बाहेरची गाडी म्हणून तिला अडविता येणार नाही. गाडी नियमांत बसत नसेल तर विहित अधिकारी कारणे लेखी नोंदवून ते प्रमाणपत्र केव्हाही रद्द करू शकतो, आणि नवे मिळेपर्यंत तिची नोंदणी व परमिट दोन्ही निलंबित राहतात.