झाडूचे वतन: सावेडीची हजेरी शेड आणि हरेगावची परिषद

नगरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास किल्ल्यापासून सुरुवात करतो. १४९० साली अहमद निजामशहाने शहर वसवले, चांदबिबी लढली, १९४२ ते १९४५ या काळात नेहरू किल्ल्यात कैदेत होते आणि तिथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आता अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, त्यामुळे नावावर भांडायलाही भरपूर वेळ मिळतो. या सगळ्या इतिहासात एक माणूस कुठेच सापडत नाही. तो पहाटे हजेरी शेडवर जातो, मुकादमाच्या वहीत नाव लावतो आणि आपल्या वाट्याचा रस्ता झाडायला निघतो. नगरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली, ३० जून २००३ रोजी तिची महानगरपालिका झाली. एवढ्या काळात पाट्या बदलल्या, अध्यक्षाचा महापौर झाला, मुख्याधिकाऱ्याचा आयुक्त झाला. हजेरीच्या वहीतली जात मात्र बदलली नाही. आम्हाला या वहीचा इतिहास सांगायचा आहे.

सावेडीपासून सुरुवात करू, कारण सावेडी म्हणजे नगरचे शिकल्यासवरल्यांचे उपनगर. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, भिस्तबाग, पाइपलाइन रोड. मुळा धरणातून शहराला येणारी जलवाहिनी ज्या बाजूने आली, त्या रस्त्याचे नावच पाइपलाइन रोड पडले. त्याआधी चारशे-पाचशे वर्षे निजामशाहीच्या खापरी नळांनी हे शहर पाणी प्यायले. कापूरवाडी, वडगाव, नागाबाई अशी त्या नळांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत कौतुकाने येतात. नळ बांधणाऱ्या सरदारांची नावेही येतात. ते नळ खोदले कोणी, त्यात उतरून गाळ काढला कोणी, हे विचारायची रीत आपल्याकडे नाही.

महापालिकेची चार प्रभाग कार्यालये आहेत, त्यांतले एक सावेडीचे. रोजचे काम कुठल्याही शहरात असते तसेच. कुणी घरपट्टी भरायला आलेला, कुणाला जन्माचा दाखला हवा, कुणाचा नळ चार दिवस कोरडा, कुणाच्या बांधकामाची परवानगी अडकलेली, कुठे पथदिवे बंद, कुठे चेंबर तुंबलेले. यातल्या प्रत्येक कामासाठी एक टेबल आहे आणि टेबलामागे एक कर्मचारी. कर विभागात, नगररचनेत, बांधकाम विभागात कोणत्या जातीचा माणूस बसेल हे आधी सांगता येत नाही. तिथे भरती होते, परीक्षा होते, बिंदुनामावली लागते आणि ‘आरक्षणामुळे गुणवत्ता मेली’ अशी ओरडही होते. आता तुंबलेल्या चेंबरची तक्रार घ्या. ती टेबलावर नोंदली जाते, शेरा मारला जातो, कागद खाली खाली जातो आणि शेवटी ज्याच्या हातात पोचतो त्याची जात कोणती असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मेहतर, वाल्मिकी, मांग, आपले बौद्ध. गुणवत्तेची काळजी करणारा एकही माणूस या जागांसाठी आजवर न्यायालयात गेलेला आम्ही ऐकला नाही.

आमचा मुद्दा असा की हे आपोआप झालेले नाही. रूढी होती, पण रूढीला नगरपालिकांच्या कायद्यांनी दप्तरात जागा दिली. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात मैला उचलण्यासाठी जो कर होता त्याचे नावच ‘हलालखोर कर’ होते. म्हणजे नागरिक कर भरणार तो एका जातीच्या नावाने! संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशच्या, १९१६ च्या नगरपालिका कायद्याने तर घरोघर मैला उचलण्याच्या ‘परंपरागत हक्का’ला मान्यता दिली. हा हक्क म्हणजे अमुक घरांचा मैला अमुक कुटुंबानेच उचलायचा. ब्रिटिश काळातल्या अनेक नगरपालिका कायद्यांत सफाई कामगाराने सूचना न देता काम सोडणे हा गुन्हा होता. गिरणी कामगाराने संप केला की तो कामगार ठरतो, सफाई कामगाराने केला की गुन्हेगार, ही विसंगती बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. स्वातंत्र्यानंतरही हे जाळे तुटेना. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांची समिती नेमली. केंद्राने १९५७ मध्ये प्रा. मलकानींची समिती नेमली आणि केवळ ‘परंपरागत हक्क’ मोडण्याच्या प्रश्नावर १९६५ मध्ये पुन्हा त्याच मलकानींना बसवले. समित्यांनी डोक्यावरून मैला वाहणे बंद करा, ढकलगाड्या द्या, हातमोजे द्या असे सांगितले. कामाची जात बदला, हे सांगण्यापेक्षा ढकलगाडी देणे सोपे होते.

इथे महाडची आठवण करून द्यावी लागते, कारण आपल्यातले पुष्कळ तरुण महाडकडे फक्त पाण्याचा सत्याग्रह म्हणून पाहतात. तो नगरपालिकेच्या दप्तराशी झालेला संघर्षही होता. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. ठराव झाला, वहीत नोंद झाली, आणि तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्यावर पाय ठेवला नाही, ठेवू दिला गेला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जे केले ते एका अर्थाने नगरपालिकेच्या स्वतःच्याच ठरावाची अंमलबजावणी होती. मग नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तोच ठराव रद्द केला. पुढे खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला: तळे नगरपालिकेच्या मालकीचे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध होत नाही. दहा वर्षे लागली. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यामधल्या जागेत जात राहते, हे महाडने दाखवले. सावेडीतली तक्रारवही ते आजही दाखवते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद झाली, बाबासाहेब त्या परिषदेला होते. वतनी जमिनींवर सरकारने वाढवलेल्या जुडीविरुद्धची ती परिषद. दरवर्षी आपली माणसे हरेगावला जातात, अभिवादन करतात. तिथल्या वतनाच्या प्रश्नाचा आणि सावेडीच्या हजेरी शेडचा संबंध लावलेला मात्र आम्ही फार कमी वेळा ऐकला. तो संबंध सरळ आहे.

वतन म्हणजे काय होते? जन्माने लागलेली नोकरी. मोबदल्यात थोडी जमीन, थोडे बलुते आणि दिवसरात्र राबणूक. वतनदार स्वतः सापडला नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी धरून नेत. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनी या गुलामीवर शिक्का मारला. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी तो कायदा बदलण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. त्या विधेयकातली एक गोष्ट नीट वाचली पाहिजे. वतन सोडा आणि रिकाम्या हातांनी जा, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. ज्याला सेवा नको त्याने सेवेतून मोकळे व्हावे आणि पूर्ण सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवावी, अशी ती मांडणी होती. सेवा जाईल, जमीन राहील. विधेयक त्यांना १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला, तोवर बाबासाहेब नव्हते.

हे डोक्यात ठेवून लाड-पागे समितीकडे पाहा. १९७५ साली तिच्या शिफारशी आल्या आणि त्यांच्या आधारे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली. कामगार निवृत्त झाला, मेला किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली की त्याच्या जागी वारस. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या सगळ्या तरतुदी एकत्र केल्या. पुढे त्यावरून औरंगाबाद खंडपीठात वादही झाला. यावर आपल्या चळवळीत दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी नीट बोलत नाहीत. शिकलेला तरुण म्हणतो, हा वारसा हक्क म्हणजे जातीचा वारसा. बापाचा झाडू पोराच्या हातात देणारी मनुस्मृतीच ही, फाडून टाका. संघटनेतला कामगार म्हणतो, तुम्हाला बोलायला काय जाते? हीच एक कायम नोकरी आमच्या हाती आहे, ती गेली की पोरगं त्याच रस्त्यावर ठेकेदाराकडे झाडू मारेल, फक्त निम्म्या पगारात.

आमचे मत विचाराल तर कामगाराचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. आज सभेत बोलणाऱ्या कितीतरी जणांची फी पालिकेच्या पगारातून भरली गेली आहे. कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तीवेतन, कधी पालिकेच्या चाळीतली खोली: शिक्षणाचा हा पाया झाडूवर उभा राहिला. तो नाकारणे म्हणजे आईबापांच्या घामाची लाज बाळगणे. पण तरुणाचे म्हणणेही खोटे नाही. वारसाला मिळते ती नोकरी बहुतेक वेळा सफाईचीच. बी.कॉम. झालेली मुलगी वडिलांच्या जागी लागते आणि तिच्यापुढे झाडू ठेवला जातो, तेव्हा ते वतनच असते.

यातून वाट १९२८ च्या विधेयकातच आहे. जमीन ठेवा, सेवा सोडा. म्हणजे नोकरी ठेवा, झाडू सोडा. वारसाची जागा महापालिकेत, पण तिच्या शिक्षणाप्रमाणे: कर विभागात, नगररचनेत, पाणीपुरवठ्यात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. आणि रिकामी झालेली सफाईची पदे खुल्या भरतीने, पूर्ण वेतनाने, यंत्रांसह भरावीत. मग कोण अर्ज करतो ते पाहू. पगार चांगला आणि मान बरा असला की कोणतीही जात कचऱ्याला हात लावते. लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये लावतेच.

हे कधी होऊ नये म्हणून तिसरा रस्ता काढला गेला आहे, तो ठेक्याचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार रस्ते झाडणे आणि कचरा हलवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ठेक्याने हे कर्तव्य विकता येते, जबाबदारी झटकता येते आणि जात तशीच ठेवता येते. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २०२५ पर्यंत कायमस्वरूपी कामावर ठेकेदारी बंद करण्याची वाट देत होता, ती वाट वापरणारे कमी होते. वापरली की काय होते हे मुंबईत दिसले: कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे खटला लढवला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब झाले. नगरमध्ये नगरसेवकांची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि पुढे प्रदीर्घ काळ प्रशासकाच्या सहीने कारभार चालला. अशा काळात ठेका कोणत्या अटींवर गेला, हे विचारायला सभागृहच नसते.

आणि हे फक्त पगाराचे भांडण आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने सोनई आठवावी. १ जानेवारी २०१३. आपलाच जिल्हा, नेवासा तालुका. सफाईचे काम करणाऱ्या मेहतर समाजातल्या तीन तरुणांना मारले गेले, मुळाशी आंतरजातीय प्रेम. त्यांना बोलावले गेले ते संडासाची टाकी साफ करायची आहे असे सांगून. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या बहाण्यावर थांबून विचार करा. मेहतराच्या पोराला टाकीवर बोलावले तर कुणाला नवल वाटत नाही, त्यालाही नाही. व्यवस्थेने जे काम रोजचे करून ठेवले, तेच मारेकऱ्यांच्या कामी आले.

त्याच वर्षी हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा नवा कायदा झाला आणि तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणे या कायद्याने गुन्हा आहे. मृत्यू झाला तर २०१४ च्या निकालाने दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख रुपये भरपाई ठरली. महाडच्या ठरावासारखाच हा कायदाही दप्तरात आहे.

म्हणून सावेडीच्या आणि नगरच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. प्रभाग कार्यालयाला विचारा: सफाईची मंजूर पदे किती, भरलेली किती, ठेक्यावर किती? ठेकेदार भविष्यनिर्वाह निधी कुणाच्या खात्यात भरतो? वारसांचे किती अर्ज पडून आहेत, आणि नेमणूक झालेल्यांपैकी किती जण सफाई सोडून दुसऱ्या विभागात आहेत? चेंबर उपसायचे यंत्र आहे का, गेल्या वर्षी ते किती दिवस चालू होते? उत्तरे आली की ती फाइलमध्ये ठेवू नका. १६ डिसेंबरला हरेगावला नेऊन तिथे माईकवर वाचा.