राहून गेलेली झुंज

आमच्या शाळेत वार्षिक खेळांच्या दिवशी शेवटची कुस्ती कोणाची लावायची, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे असते. एका वर्षी मी ते वाईट केले. सगळ्या पोरांना चीत केलेला एक अबोल मुलगा होता. पण गावाचा लाडका गडी निराळाच होता. पाहुणे यायचे होते, मैदान भरायला हवे होते. मी लाडक्याला शेवटच्या जोडीत घातले. मैदान भरले, टाळ्याही पडल्या. तो अबोल मुलगा लंगोटाची घडी हातात घेऊन कडेला उभा होता. त्याने मला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून हॅरी विल्सची हकिकत वाचताना मला चैन पडत नाही.

विल्स हा अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा. ४ जुलै १९१९ रोजी जेस विलर्डला लोळवून जॅक डेम्प्सी सर्वांत वजनी गटाचा जगज्जेता झाला. त्याला आव्हान देण्याचा हक्क कोणाचा, असे विचारले की जाणकार विल्सचे नाव घेत. १९२२ साली दोघांच्या झुंजीच्या करारावर सह्याही झाल्या. झुंज मात्र झाली नाही.

आता वाचकहो, संयोजकाचीही बाजू ऐकू या. टेक्स रिकर्ड हा त्या काळचा मोठा संयोजक. १९१० साली त्याने कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन आणि गोरा जेफ्रीज यांची झुंज लावली होती. जॉन्सन जिंकला आणि अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली पेटल्या, माणसे मेली. तशी आठवण असलेला माणूस कचरणारच. शिवाय तिकिटे खपली नाहीत, तर लढणाऱ्यांनी खायचे काय? १९२१ साली त्याने डेम्प्सीसमोर देखणा फ्रेंच युद्धवीर कार्पांतिए उभा केला. तो वजनाने बराच हलका होता आणि चौथ्या फेरीत आडवा झाला. पण गल्ला प्रथमच दहा लाख डॉलरांच्या वर गेला.

हे सारे खरे मानले, तरी एक गोष्ट उरतेच. १९२३ साली अर्जेंटिनाच्या फिर्पोला डेम्प्सीशी लढण्याची संधी मिळाली. पुढच्याच वर्षी तोच फिर्पो विल्सशी लढला. निकाल अधिकृत नव्हता. पण वार्ताहरांनी विल्सलाच सरस ठरवले. म्हणजे ज्याला पंक्तीत बसवले, त्याच्यापेक्षा दाराबाहेर ठेवलेला थोर होता!

आणि हा दोष केवळ गोऱ्यांचा होता असेही नाही. खुद्द जॉन्सनने, एकदा जगज्जेता झाल्यावर, सॅम लँगफर्ड या जबर कृष्णवर्णीय मल्लाला किताबाची झुंज कधी दिली नाही. गादीवर बसले की खालची पायरी दिसेनाशी होते.

१९२६ साली न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी डेम्प्सीने आधी विल्सशी लढावे असा आग्रह धरला. मग झुंजच फिलाडेल्फियाला हलवली गेली. २३ सप्टेंबरला एक लाख वीस हजारांवर माणसांसमोर जीन टनीने डेम्प्सीला गुणांवर हरवले. टनी लेचापेचा नव्हता. तो मान त्याने कमावला. पण पुढच्याच महिन्यात विल्स शार्कीकडून हरला. चार वर्षांपूर्वीचा विल्स तेव्हा उरला नव्हता. मुष्टियोद्ध्याचे शरीर करारांची वाट पाहत थांबत नाही.

लोकप्रियता पाहू नये असे मी म्हणत नाही. पण ती आभाळातून पडत नाही. ज्याला आखाड्याच्या मध्यभागी येऊच दिले नाही, त्याला लोकांनी डोक्यावर घ्यावे तरी कसे? आणि जगज्जेता म्हणजे सर्वांत बलवान, हा अर्थ गेला, तर त्या पट्ट्यात चामड्याखेरीज काय राहते? डेम्प्सी खरोखर श्रेष्ठ असेलही. पण विल्सला टाळल्यामुळे ते आज कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. नुकसान दोघांचेही झाले.

१९१५ साली जॉन्सन हरल्यावर या गटात किताबासाठी लढण्याची संधी पुन्हा कृष्णवर्णीयाला मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जो लुईने ती संधी घेतली आणि किताबही. विल्स १९५८ साली वारला.

आता आमच्या शाळेत कोणी किती कुस्त्या जिंकल्या, हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहिले जाते आणि शेवटची जोड त्यावरूनच लागते. कधी गर्दी थोडी कमी होते. तो अबोल मुलगा मात्र त्या वर्षानंतर आखाड्यात उतरला नाही.