टोपीची टाचणी आणि मोटारीचा इतिहास

पहिली मोटार कोणाची, पहिला पेट्रोल पंप कोठला, मागचे पाहण्याचा आरसा प्रथम कोणी लावला, अशी चटकदार माहिती पुरवण्यांतून आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आपण सारेच वाचत आलो आहोत. तिच्याविषयी आमची तक्रार ती खोटी असते अशी नाही. एखादी घटना एकदा ‘गमतीजमती’च्या सदरात गेली, की तिच्याकडे इतिहास म्हणून पाहणे आपण सोडून देतो, ही आमची तक्रार आहे. आणि मोटारीच्या बाबतीत या सदरात रवानगी झालेल्या व्यक्तींमध्ये स्त्रिया ठळकपणे आढळतात.

बर्था बेन्झ यांचेच उदाहरण घ्यावे. कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी २९ जानेवारी १८८६ रोजी अर्ज केला. पेटंट एकट्या कार्ल यांच्या नावे असले, तरी त्यांच्या उद्योगात बर्था यांच्या माहेरचा पैसा विवाहापूर्वीच गुंतला होता. गाडी तयार झाली. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. ऑगस्ट १८८८मध्ये एका पहाटे बर्था यांनी पतीला न सांगता गाडी बाहेर काढली आणि ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइम या आपल्या माहेरच्या गावाची वाट धरली. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. तोवर मोटारीने एवढा पल्ला कोणीच गाठला नव्हता.

पुढचा भाग सर्वज्ञात आहे. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाबाईंनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले, तेथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतले. हे द्रव्य त्या काळी डाग काढण्यासाठी विकले जाई. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवते.

टाचणी आणि पट्टा यांपाशीच बहुतेक लेखक थांबतात. वस्तुतः खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा बर्था यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. हे ब्रेकच्या अस्तराचे आद्य रूप होय. चढावर गाडी दमत असे आणि मुलांना खाली उतरून ती ढकलावी लागे. म्हणून चढासाठी आणखी एक गिअर हवा, अशी सूचना त्यांनी परतल्यावर केली. यंत्र प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन त्यातील उणिवा हेरणे आणि त्यांवर उपाय सुचवणे, यालाच आज आपण चाचणी-अभियांत्रिकी म्हणतो. पुरुषाने केले असते तर त्यास ‘संशोधन’ म्हटले गेले असते. बाईने केले म्हणून ते ‘प्रसंगावधान’ ठरले.

हे उदाहरण एकटे नाही. अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकाला काचेवरच्या हिमामुळे समोरचे दिसत नसल्याचे पाहिले आणि आतून दांड्याने फिरवता येणारा, रबरी पात्याचा वायपर कल्पिला. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले. पैसा मात्र मिळाला नाही. वायपर सर्रास बसवले जाऊ लागले, तोवर पेटंटची मुदत उलटून गेली होती. इंग्लंडच्या मोटारचालक डॉरोथी लेव्हिट यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात स्त्रियांना सल्ला दिला, की हातआरसा जवळ बाळगावा आणि मागची रहदारी त्यात अधूनमधून पाहावी. दोन वर्षांनी, १९११मध्ये, रे हॅरून यांनी इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत आरसा बसवलेल्या गाडीतून जिंकली. आरशाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा हॅरून यांच्यापासून केला जातो. लेव्हिट यांचा आरसा साजशृंगाराच्या पेटीतून आलेला, म्हणून तो किस्सा.

या स्त्रियांना देव्हाऱ्यात बसवावे, असे आमचे म्हणणे नाही. कार्ल यांची प्रतिभा निर्विवाद आहे, आणि पत्नीचे ऋण त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने मान्य केले आहे. प्रश्न कार्ल यांच्या कृतज्ञतेचा नसून इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेचा आहे. टाचणी, पट्टा, हातआरसा या घरगुती वस्तू दिसल्या की ती नजर हसते आणि पुढे सरकते. त्या वस्तूंमागचा विचार तिला दिसत नाही.

अमेरिकेतील ‘ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम’मध्ये कार्ल बेन्झ यांचा समावेश १९८४मध्ये झाला, बर्था यांचा २०१६मध्ये. १८८८मध्ये एकाच गाडीने नावारूपाला आणलेल्या या दांपत्याला एका दालनात येण्यासाठी मध्ये ३२ वर्षे जावी लागली. त्या ३२ वर्षांत टाचणीची गोष्ट मात्र जगभर आवडीने सांगितली जात होती.